जमुनाआत्याची आंबील

आमच्या घरी ताटात काय पडणार हे तुमच्या भुकेवर नसतं, जमुनाआत्याच्या नजरेवर असतं. आठ वर्षांपूर्वी लग्न होऊन मी अकोल्याहून भातकुलीजवळच्या या घरी आले, तेव्हा मला वाटलं की सासू म्हणजे सत्यवतीबाई, तर स्वयंपाकघरही त्यांचंच. कशाचं काय! दुसऱ्याच दिवशी पाहिलं, सासूबाई स्वतः भाजीचा दुसरा डाव घेताना आधी आत्याकडे पाहतात.

जमुनाआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची, किसनरावांची थोरली बहीण. मी सासऱ्यांना मामाजी म्हणते. आत्याचं वय चौसष्ट. उंची अशी की आमच्या मागच्या दारातून वाकून जावं लागतं, आणि पंजा असा की दोन भरताची वांगी एका हातात धरते. तीन एकरांत आमचा भाजीपाला आहे, वांगी, मेथी, गवार आणि कडेनं झेंडू. शेतात आत्या चार गड्यांचं काम करते आणि घरी येऊन वाढायला बसते. मी इतकी फटकळ, माहेरी माझ्या तोंडाला कोणी लागत नसे. पण या बाईसमोर पहिले सहा महिने मी पापडसुद्धा मागून घेतला नाही.

तिचा वाढायचा कायदा साधा आहे. मोठा कोण, लहान कोण, बाप्या कोण, बाई कोण, हे ती पाहतच नाही. त्या दिवशी कोण जास्त वाकलं ते पाहते. निंदण करून सासूबाई आल्या असतील तर तव्यावरची पहिली भाकर त्यांची, आणि माझा नवरा अंकुर दिवसभर मोबाईल घेऊन बांधावर बसलेला असेल तर त्याला सकाळची. तो कुरकुरला की म्हणते, "सकाळचं काम सकाळच्या भाकरीनं होते." एकदा घरात एकच सीताफळ होतं आणि आम्ही सहा जणं. दुसऱ्या घरी ते लेकराला देऊन मोकळे झाले असते. आत्यानं ते ताटात फोडलं, माझ्या लेकीला, आरतीला सात गरे दिले आणि बाकी प्रत्येकाला पाच, आणि खाऊन झाल्यावर बिया परत घेतल्या. मला वाटलं, हिशोब पाहते की काय. तर म्हणे, बांधावर लावायच्या आहेत.

आता अशी बाई माहेरी काऊन, असं तुम्ही विचाराल. सगळे विचारतात, आणि ती सगळ्यांना एकच गोष्ट सांगते. तिला बाळापुरात दिलं होतं. तिथं तिची सासू सुनांना अडीच भाकरी मोजून द्यायची. आत्यानं एक दिवस विचारलं, उरलेली अर्धी कोणाची? त्यावरून घरात रणकंदन झालं आणि आत्या दोन लुगडी पिशवीत टाकून एसटीनं इकडे आली. तिकडून न्यायला कोणी आलं नाही आणि हिनंही वाट पाहिली नाही. "मी अर्ध्या भाकरीसाठी नवरा सोडला," असं ती भर बाजारात मेथीच्या जुड्या बांधता बांधता सांगते, आणि गिऱ्हाईक हसून दोन जुड्या जास्त घेते. या गोष्टीला बेचाळीस वर्षं झाली.

पण वर्षातून एक दिवस असा यायचा की आत्या आमच्या पंगतीत बसायची नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस.

आमच्या घरचा रिवाज कडक आहे. त्या दिवशीचा नैवेद्य घरच्यांनीच खायचा. घरचे म्हणजे ज्यांचं कुळ तेच. लेक लग्न करून दिली की ती दिल्या घरची, तिला त्यातला घास मिळत नाही, मग ती शेजारच्या गल्लीत दिलेली असो. पानात टाकायचं नाही. उरलंसुरलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, गायीलासुद्धा नाही. अंगणात दरसाल त्याच जागी खड्डा खणायचा आणि त्यात टाकायचं. जेवणाऱ्यांनी हातही त्या खड्ड्यावरच धुवायचे. आणि रांधताना चाखायचं तर मुळीच नाही.

हा सगळा रिवाज मामाजींच्या आईचा, पार्बताबाईंचा. लेक माहेरी परत आली तरी त्यांनी तो मोडला नाही. उलट असं डोकं चालवलं की जी खाणार नाही तिनंच रांधावं, म्हणजे चाखायचा मोहच नको. झालं! तेव्हापासून सोळा भाज्या, पुरणपोळ्या, फुलोरा, ज्वारीची आंबील, सगळं आत्या रांधते. देवीला नैवेद्य दाखवला, पंगतीला वाढलं, की ती मागं मोटारपंपाच्या खोलीशी जाते, तीन विटा मांडून स्वतःपुरतं बेसन आणि भाकर करते, आणि आमच्याकडे पाठ करून खाते. हात हौदावर धुते.

पहिल्या वर्षी ती पाठ पाहून माझं डोकंच फिरलं. सबंध वर्ष जी बाई आम्हाला वाढते तिला आज परकी म्हणायचं? मी अंकुरला खोलीत नेऊन चांगली झाडली. तो म्हणाला, थांब, आधी आंबील खाऊन पाहा.

मी पंगतीत बसले आणि आंबिलीचा मोठा घास घेतला. अरे देवा! तोंडात मिठाचा खडा फुटल्यागत झालं. डोळ्यांत पाणी आलं, कान गरम झाले. पाहते तर सासूबाई ताटात पाहताहेत, अंकुर छताकडे, आणि मामाजी माझ्याकडे. ओठ न हलवता ते हळूच म्हणाले, "गिळ."

गिळली. मग मला कळलं की या घरात मिठाची एक गुप्त बातमी आहे. झालं होतं असं. पार्बताबाईंच्या वेळी पंगतीला चाळीस माणसं असत. पायलीभर ज्वारी भरडून ताकात भिजायची आणि त्यात एक मूठ मीठ, पार्बताबाईंच्या लहानशा हाताची. चोवीस वर्षांपूर्वी त्या गेल्या. जाताना लेकीला सांगून गेल्या, की मूठ मोडू नको. त्याच वर्षी भाऊबंदांनी आपापल्या महालक्ष्म्या वेगळ्या केल्या. पंगत घरच्यांपुरती उरली, ज्वारी शेरावर आली. मूठ मात्र एकच राहिली, आणि तीही आता आत्याच्या हाताची.

आणि चाखायचं नाही! खायचंही नाही! म्हणजे रांधणारीला चोवीस वर्षांत पत्ता नाही. पहिल्या वर्षी तिनं विचारलं, आंबील कशी झाली? मामाजींनी पाहिलं, नुकतीच माय गेलेली, बहीण दिवसभर चुलीपुढे, आणि तिच्या हातात बेसनाची ताटली. ते म्हणाले, मायच्या हातची झाली. एकदा असं म्हटल्यावर दुसऱ्या वर्षी काय वेगळं म्हणणार? माणूस एकदा खोटं बोलला की त्याला दरसाल आंबील खावी लागते.

प्रत्येकानं आपापली युक्ती काढली होती. सासूबाई पुरणपोळीत गुंडाळून गिळायच्या. अंकुर गालात धरून खड्ड्यावर हात धुवायला जायचा आणि तिथं गाल रिकामा करायचा. मामाजी त्या दिवशी बीपीची गोळी आधी घ्यायचे आणि वाटी पूर्ण संपवायचे. सगळ्यांत जास्त आंबील खड्ड्याच्या पोटात जायची. त्या खड्ड्याशेजारी आत्यानं बारा वर्षांपूर्वी लिंबाचं कलम लावलं होतं. पिवळं पडून नुसतं उभं, एक लिंबू धरेल तर शपथ. आत्यानं त्याला शेणखत घातलं, औषध फवारलं, कृषी केंद्रातल्या माणसाला आणून दाखवलं, शिव्याही घातल्या. आम्ही तोंड दाबून पाहायचो.

तर गोष्ट अशी अडकून बसली होती. आत्याला पंगतीत बसवावं असं सगळ्यांना वाटायचं. मामाजींना तर इतकं वाटायचं की त्या दिवशी तिच्या पाठीकडे पाहत त्यांचं जेवण निम्म्यावर यायचं. पण बसवली तर ती आंबील खाणार, आणि खाल्ली की चोवीस वर्षांचं खोटं उघडं पडणार. बाईचा स्वभाव तर ठाऊक. अडीच भाकरीवरून जिनं सासर सोडलं, ती यावरून माहेर सोडणार नाही कशावरून? म्हणून सगळे रिवाजाच्या आड लपून बसले होते. आणि रिवाज सगळ्यांत घट्ट कोणी धरला होता? आत्यानंच. कोणी नुसतं सुचवलं तरी म्हणायची, "मी दिल्या घरची हाय. देवीले फसवाचं नाई."

हे असंच चाललं असतं. पण यंदा श्रावणात बाळापूरहून मोटारसायकलवर नितेश आला. आत्याच्या दिराचा मुलगा. हातात पेढ्यांचा डबा आणि तोंडात "काकू, काकू". बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणाला काकूची आठवण झाली होती! आत्यानं काही विचारलं नाही. आधी त्याला जेवू घातलं. पाच भाकरी खाल्ल्या त्यानं, वर ठेचा. तोंड पुसून मग म्हणाला, की काकू, राशनच्या कार्डासाठी तुमचा अंगठा पाहिजे. यंत्रावर अंगठा दिला नाही तर नाव कटते म्हणे.

आत्या म्हणाली, कोणाचं नाव? तर तिचंच. बाळापूरच्या घरच्या राशन कार्डावर जमुनाबाईचं नाव होतं, लग्न झालं तेव्हापासून. मध्ये केव्हातरी कोणाकडून तरी तिच्या आधारची झेरॉक्सही नेली होती. तिच्या नावाचे गहू-तांदूळ महिन्याच्या महिन्याला तिकडे शिजत होते.

मला वाटलं, आता नितेश काही धड जात नाही. पण आत्या ओरडली नाही. भाकरीच्या टोपल्यावरचं फडकं नीट केलं आणि म्हणाली, "म्हंजे मले अर्धी भाकर देली नाई, अन् माह्या नावाच्या बेचाळीस वर्षं खाल्ल्या." नितेश खाली पाहू लागला. तिनं पेढ्यांचा डबा त्याच्या हातात परत दिला आणि वाटेत भूक लागेल म्हणून एक भाकर बांधून दिली. "पुरी हाय," म्हणाली, "अर्धी नाई."

दुसऱ्या दिवशी ती अंकुरला घेऊन बाळापूरला गेली. नाव कटल्याचा कागद आणायला तीन खेपा झाल्या, मग इकडे भातकुलीत नाव चढवायला दोन. पाचव्या खेपेला अंकुर नवं कार्ड घेऊन आला आणि दारातूनच हसत सुटला. नियम म्हणे असा, की घरातली सगळ्यांत मोठी बाई ती कुटुंबप्रमुख. कार्डावर पहिलंच नाव, जमुनाबाई. सासूबाईंचा नंबर दुसरा, मामाजींचा त्याखाली. आत्यानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि पिठाच्या डब्यामागं ठेवून दिलं. संध्याकाळी मात्र तिनं तीन वेळा डबा काढला, आणि तीनही वेळा पीठ न घेता ठेवला.

आणि मग मी माझं तोंड उघडलं. महालक्ष्म्यांना आठ दिवस होते, बाजाराची यादी चालली होती. आत्या म्हणाली, पानं पाच. माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हटलं, पाच कशी? सहा. दिल्या घरातून नाव कटलं, याच घरात चढलं, तेही सगळ्यांच्या वर. आता घरच्यांनीच खायचं तर घराची प्रमुखच उपाशी राहणार का? तुम्ही कोणत्या घरच्या, ते सांगा.

आत्या गप्प झाली. बोलण्यात कोणी तिला गप्प केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. मग नजर वर गेली तर सासूबाईंचा चेहरा पांढरा आणि अंकुर कपाळाला हात लावून बसलेला. तेव्हा मला आंबील आठवली.

आत्या मामाजींकडे वळली. चौसष्ट वर्षांची बाई, पण पाहणं असं की जणू आत येऊ का म्हणून दारात उभी आहे. "किसन, तुले काय वाटते? बसू मी?"

मामाजींनी एकदा माझ्याकडे रागानं पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बस, बाई."

दुसऱ्या दिवशी वांग्याच्या वाफ्यात आमची सभा भरली, आत्याला सोडून. सासूबाई म्हणाल्या, खरं सांगून टाकू. कोण सांगणार? कोणीच नाही. अंकुर म्हणाला, आंबील यंदा करायचीच नाही. म्हणजे देवीला उपाशी ठेवायचं? शेवटी सगळे माझ्यावर आले. आग तू लावली, आता तूच विझव. आंबिलीत मीठ तू टाक.

म्हणून नैवेद्याच्या दिवशी पहाटेच न्हाऊन मी चुलीपुढे बसले. आंबील रटरटू लागली तसं म्हटलं, आत्या, यंदा मूठ मी टाकते, शिकवा मला. तिनं माझा हात हातात घेतला, मूठ वळायला लावली, इकडून तिकडून पाहिली आणि सोडून दिली. "तुयी मूठ लहान हाय. आंबिलीले भरली मूठ लागते." आणि बरणीत पंजा घातला. यंदा स्वतः खाणार म्हणून की काय, चांगली शिगोशीग भरली.

पंगत बसली. सहावं पान मामाजींनी स्वतः मांडलं, आपल्या शेजारी. वाढायला मी. आत्या पाटावर बसली खरी, पण तिच्या हातांना काही सुचेना. डाव माझ्या हातात आणि हुकूम तिचे. किसनला वरण अजून, सत्यवतीला पोळी तव्यावरची, आरतीची खीर थंड करून. मी म्हटलं, आज गुमान जेवा. तिनं पुरणपोळी खाल्ली, सोळाही भाज्या एकेक बोट चाखल्या, प्रत्येकीला नाव ठेवलं. आंबिलीची वाटी तिनं बाजूला सारून ठेवली होती. चांगलं ते शेवटी खायची तिची सवय. बाकीचे जेवणाचं आणि मी वाढण्याचं सोंग करत त्या वाटीकडे पाहत होतो.

मग तिनं वाटी उचलली आणि मोठा घास घेतला.

घास तोंडात तसाच राहिला. गिळला. तिनं वाटीत पाहिलं, मग आमच्या वाट्यांत पाहिलं, एकेकाच्या. दुसरा घास घेतला, जणू पहिल्यावर भरवसा नाही. मग म्हणाली, "किसन, दरसाल अशीच रायते?"

मामाजी म्हणाले, "माय गेल्यापासून."

"अन् तू खात होता?"

"आपल्या घरची आंबील हाय, बाई. आपण नाई खाणार तं कोण खाईन?"

आत्यानं वाटी खाली ठेवली. मला वाटलं, आता उठते आणि दोन लुगडी पिशवीत टाकते. मग ती बोलली, पण आमच्याकडे पाहून नाही, ताटाकडे पाहून. "बाळापुरात एकदा वरणात मीठ जास्त पडलं होतं. घरधन्यानं ताट माह्या आंगावर फेकलं. थे अर्ध्या भाकरीचं मी लोकायले हसू यावं म्हणून सांगत होती."

मामाजींचा हात ताटातच राहिला. बेचाळीस वर्षांत त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. मला तर रडूच फुटलं, डाव हातात धरून मी उभ्या उभ्या रडले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

तर आत्या भडकली! रडता काय, म्हणाली, चोवीस वर्षं तोंडं शिवली होती काय? देवीपुढं बसून खोटं बोलता? मग तिनं माझ्या हातातला डाव काढून घेतला, पातेलं ओढलं आणि कायदा सुरू केला. जो जास्त खोटं बोलला त्याला जास्त. मामाजींना दोन डाव, अंकुरला दीड, सासूबाईंना एक. आरतीला एक बोट. मी आठच वर्षांची गुन्हेगार म्हणून अर्धा. मामाजींच्या वाटीकडे तिनं पुन्हा एकदा पाहिलं, बीपी आठवलं असावं, आणि त्यातला दीड डाव काढून आपल्या वाटीत घातला. पुढच्या वर्षी मूठ माझी, असं वर सांगितलं. सगळ्यांनी खाल्ली. हिनं सगळ्यांत जास्त खाल्ली आणि पानात कण टाकला नाही.

जेवण झाल्यावर ती सवयीनं हौदाकडे निघाली. मामाजी तांब्या घेऊन खड्ड्यापाशी उभे होते. त्यांनी नुसती हाक मारली, "बाई." ती थांबली, वळली आणि खड्ड्यापाशी येऊन तिनं हात पुढं केले. ते पाणी घालत होते, ती हात चोळत होती. पंजा मोठा, तांब्या सगळा रिकामा झाला.

हात झटकून तिनं शेजारच्या लिंबाकडे पाहिलं, मग खड्ड्यात पाहिलं, आणि मग अंकुरच्या गालाकडे.

"तरीच म्हणलं," ती म्हणाली, "हे लिंबू काऊन धरून नाई राहिलं."